मेळ्यांची पदे : चाल, वाट आणि विषय

मराठी वाङ्मयेतिहासात पोवाडा, लावणी, कीर्तन आणि नाट्यपद यांना स्वतंत्र प्रकरणे लाभली; गणेशोत्सवातील मेळ्यांच्या पदांना मात्र बहुधा एखाद्या उल्लेखावरच समाधान मानावे लागले आहे. या उपेक्षेची कारणे दोन सांगितली जातात. ही रचना प्रासंगिक व प्रचारकी आहे हे एक, आणि काव्यगुणांच्या दृष्टीने ती सामान्य आहे हे दुसरे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यांनी या पदांचा प्रश्न मिटत नाही. कोणता विषय भर रस्त्यात, सर्वांसमक्ष, गाण्याच्या रूपाने मांडावा आणि कोणता मांडू नये, याविषयीचे समाजाचे निकष सुमारे सहा दशकांत कसे पालटत गेले, याचा जेवढा ठळक पुरावा या पदांत मिळतो तेवढा तत्कालीन कादंबरीत किंवा भावकवितेत मिळत नाही. प्रस्तुत लेखात या निकषांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी मेळ्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मेळा म्हणजे गणेशोत्सवाच्या दिवसांत गात, नाचत, पावले टाकीत गावातून फिरणारे पथक. भाद्रपदापूर्वी काही आठवडे त्याची तालीम चाले. मुलांचा पोशाख एकसारखा असे. काही मेळ्यांत तो शिवकालीन मावळ्यांचा असे. हातात टिपऱ्या, लेझीम, काठ्या किंवा निशाणे असत. एक-दोघांनी पद उचलायचे आणि बाकीच्यांनी झील धरायची, अशी गायनाची रीत होती. एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जाताना मेळा चौकाचौकांत थांबे, तेथे रिंगण धरी आणि पुन्हा चालू लागे. पदांची पुस्तिका अल्प किमतीत विकली जाई. त्या पुस्तिकेत पदाच्या डोक्यावर बहुधा त्याची चाल छापलेली असे : कधी एखाद्या आरतीची, कधी लावणीची, तर कधी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘सौभद्र’ नाटकानंतर घराघरांत पोचलेल्या एखाद्या नाट्यपदाची.

मराठीत ‘चाल’ हा शब्द मोठा अर्थबहुल आहे. गीताला चाल असते, पावलांना चाल असते, कुळाची चालरीत असते आणि बुद्धिबळातील डावही चालच असतो. एखादी गोष्ट समाजाला खपते तेव्हा ती ‘चालते’ असेच आपण म्हणतो. मेळ्याच्या पदात हे सारे अर्थ एकत्र येतात. कोणता विषय चालेल हे तेथे केवळ शब्दांवरून ठरत नसे. ते पद कोणत्या चालीवर, कोणत्या वाटेने, कोणाच्या दारावरून आणि कोणाच्या तोंडून जात आहे, यांवरही ते ठरे. छापील पुस्तिका वाचून मेळ्याचा निकाल लावणाऱ्या समीक्षेचा घोटाळा नेमका येथे होतो.

१

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच सुमारास घरगुती गणेशपूजेला सार्वजनिक उत्सवाचे रूप येऊ लागले आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याचा जोरदार पुरस्कार केला. १८९४ साली पुण्यातील उत्सवात मेळे प्रथमच ठळकपणे दिसू लागले. या प्रकाराचे रूप सर्वस्वी नवे नव्हते. मोहरमच्या ताबुतांपुढे नाचत-गात जाणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पूर्वापार होत्या आणि त्यांत हिंदूंचाही मोठा सहभाग असे. मेळ्याने या टोळ्यांचा साचा उचलला. रांग, पोशाख, काठ्या, वाद्ये, चौकातील रिंगण हे सर्व तेथून आले. परंतु ज्या शेजाऱ्याकडून रूप घेतले, त्याच शेजाऱ्याच्या उत्सवाकडे पाठ फिरवा, हा आरंभीच्या अनेक पदांचा प्रमुख विषय झाला. गोरक्षणाचा पुरस्कार, ताबुतांवरील बहिष्कार आणि मुसलमानांविषयीचा उपहास ही त्या पदांची सामग्री होती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे संकोच बाळगून चालणार नाही. मेळ्यांच्या इतिहासाचे गौरवपर लेखन आरंभीच्या या पदांवरून घाईने पुढे सरकते आणि थेट स्वदेशीच्या पदांपाशी थांबते. तसे केल्याने इतिहास सोज्वळ होतो, पण अपुरा राहतो. ज्या जोमाचे आपण पुढे कौतुक करतो, त्याचा पहिला आविष्कार शेजाऱ्याच्या अवहेलनेतून झाला, ही वस्तुस्थिती आहे. १८९४ सालीच पुण्यात सरदार तात्यासाहेब नातूंचा मेळा दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून जात असता दंगल उसळली. वाद पेटला तो मुख्यतः मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून.

याचा अर्थ असा की, या पहिल्या टप्प्यात शासनाचा निकष वाटेचा होता. मेळ्याने काय म्हटले यापेक्षा ते कोठे आणि केव्हा म्हटले, याकडे पोलिसांचे लक्ष अधिक होते. एकच पद एका पेठेत भक्तिगीत ठरे आणि दुसऱ्या पेठेत आव्हान. पुस्तिकेतील शब्द दोन्हीकडे तेच असत. आरंभीच्या पदांत आक्रमकता असूनही शब्दकौशल्य बेताचेच का, याचा उलगडाही यावरून होतो. जे काम वाट करीत होती, ते शब्दांना करावे लागत नव्हते.

२

दुसऱ्या टप्प्यात शासन पदे वाचावयास शिकले. १८९६ साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला आणि शिवचरित्र हा मेळ्यांचा हक्काचा विषय बनला. १८९७ च्या प्लेगच्या दिवसांत, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला चालला, त्यात ‘केसरी’तील ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता पुराव्यात आली. तात्यासाहेब व बाळासाहेब या नातू बंधूंना त्याच वर्षी १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले. शिवाजी महाराजांविषयीची कविता ही केवळ इतिहासाविषयीची कविता नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. निराळ्या भाषेत सांगायचे तर, रूपकाचा उलगडा करण्याचे काम समीक्षकाच्या आधी सरकारी वकिलाने हाती घेतले.

विसाव्या शतकाच्या आरंभी नाशिकला सावरकर बंधूंच्या पुढाकाराने ‘मित्रमेळा’ स्थापन झाला. पुढे त्याचे रूपांतर ‘अभिनव भारत’ या क्रांतिकारक संघटनेत झाले. परंतु नावावरून त्याचे मूळ स्पष्ट दिसते. या मेळ्याचे कवी गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, पायांनी अधू होते. त्यांची पदे मात्र इतरांच्या पायांनी गावभर हिंडली आणि पुढे सरकारजमाही झाली. १९०९ साली बाबाराव सावरकरांना एका छोट्या कवितापुस्तिकेच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या अपिलाच्या निकालात, कवितेतील देवदेवता आणि शिवाजीसारखे वीर हे केवळ निमित्त असून खरा रोख वर्तमान राजवटीविरुद्ध युद्धाचा आहे, असा निष्कर्ष मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी काढला. न्याय बाजूला ठेवून केवळ अर्थनिर्णय पाहिला तर तो चुकीचा म्हणता येत नाही. कवीचा अभिप्रेत अर्थ न्यायमूर्तींना अचूक कळला होता. त्या काळातील कवितेचा एक चोखंदळ वाचक न्यायासनावर बसलेला असावा, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

रंगभूमीवरही हेच घडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्याच सुमारास मेळ्यांवरील निर्बंधही कडक झाले. कोणती पदे म्हटली जाणार हे आगाऊ कळवायचे, नेमून दिलेल्या वाटेने जायचे आणि नेमून दिलेल्या वेळी थांबायचे, असा तो बंदोबस्त होता.

या बंदोबस्ताचा पदरचनेवर झालेला परिणाम दुहेरी आहे. एका बाजूने रूपकाला बहर आला. कंस, रावण, जरासंध हे पौराणिक खलपुरुष पदांत वारंवार येऊ लागले. श्रोत्याला खूण कळावी आणि फौजदाराच्या हाती काही लागू नये, एवढ्या बारीक अंतरावर पदकर्त्याला चालावे लागे. येथे चालीचा उपयोग मोठा होता. आरतीच्या संथ चालीत तिखट शब्द झाकले जात. उलट साधा शब्द पोवाड्याच्या चालीत म्हटला की त्याला धार येई. दुसऱ्या बाजूने याच युक्तीचा संकेत बनला. खूण सर्वांना पाठ झाली की रूपकाचे रूपकपण संपते. १९१० नंतरच्या कित्येक पदांत रावण येतो तो केवळ रिवाज म्हणून. उरलेली जागा दारूबंदी, शिक्षण, व्यायाम, काटकसर अशा निरुपद्रवी विषयांनी भरून काढली. दडपणामुळे कला सूक्ष्म होते, हे विधान आपण फार सहज करतो. मेळ्यांची पदे असे दाखवतात की ती काही काळ सूक्ष्म होते आणि नंतर नुसतीच सावध होते.

३

१९२० साली टिळकांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकात विषयांच्या ग्राह्यतेचा प्रश्न शासनाच्या हातून निसटून समाजाच्या अंगणात आला. १९२२ साली पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीचा ‘छत्रपती मेळा’ रस्त्यावर उतरला. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर ही या चळवळीतील प्रमुख नावे. या मेळ्याने हत्यारे तीच उचलली. पोशाख, पावले, निशाण आणि शिवाजी महाराज हे सर्व पूर्वीच्या मेळ्यांचेच होते. वाटाही त्याच होत्या. बदलला होता तो निशाणा. आता पदांचा विषय होता ब्राह्मणी वर्चस्व, आणि स्वतः टिळकही टीकेतून सुटले नाहीत.

शहरातील सुशिक्षित वर्गाची यावरील प्रतिक्रिया निकषांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पंधरा वर्षांपूर्वी याच वर्गाने पदांवरील निर्बंधांना जुलूम म्हटले होते. आता अशा पदांना ‘असभ्य’, ‘ग्राम्य’, ‘उत्सवाचे पावित्र्य बिघडवणारी’ अशी विशेषणे मिळू लागली. राजद्रोहाच्या जागी अभिरुची हा निकष आला. वाङ्मयसमीक्षेने या स्थित्यंतराकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण अभिरुची हे आपले स्वतःचे शस्त्र आहे. एखाद्या पदाला ग्राम्य म्हणताना आपण त्याच्या भाषेविषयी बोलत असतो की ते म्हणणाऱ्याच्या घराविषयी, हे दरवेळी तपासून पाहिले पाहिजे. मात्र या तपासणीतून दुसऱ्या पक्षालाही सूट देता येणार नाही. प्रतिपक्षाच्या घरातील स्त्रियांवर शेरेबाजी करण्यापर्यंत हा वाद घसरला, आणि १८९४ च्या मेळ्यांनी शेजाऱ्याला जे दिले तेच आता आपसांत वाटले गेले. उपहास हा या प्रकाराचा मूळ धर्म होता. उपहासाचा धनी तेवढा बदलत राहिला.

१९२५ साली जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावरील टीकेमुळे बदनामीचा खटला होऊन शिक्षा झाली. अपिलात आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि १९२६ साली ते सुटले. दिवंगत पुढाऱ्यांवर टीका करता येते की नाही, हा वाद चौकातून न्यायालयात गेला आणि टीका करणाऱ्यांच्या बाजूने सुटला.

याहून मूलगामी प्रश्न १९२७ च्या सुमारास गायकवाड वाड्यात उभा राहिला. वाड्यातील गणपतीपुढे अस्पृश्य मुलांच्या मेळ्याचा कार्यक्रम व्हावा, असा आग्रह टिळकांचे पुत्र श्रीधर बळवंत यांनी धरला आणि विश्वस्तांनी त्याला विरोध केला. त्या मेळ्याची पदे काय होती हा येथे मुद्दाच नव्हता. ती पदे निखळ भक्तिपर असती तरी विरोध टळला नसता. आक्षेप पदाच्या विषयावर नव्हता, ते म्हणणाऱ्यावर होता. किंबहुना गाणाराच विषय झाला होता. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीकडे या दृष्टीने पाहिले असता, रस्त्याने चालत जाणे हेच विधान कसे होते, हे ध्यानात येते. २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. तिची कारणे अनेक होती आणि ती एका वादात कोंबणे योग्य नाही. पण सार्वजनिक उत्सवातील ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ त्यांनी जितक्या गांभीर्याने घेतला, तितक्या गांभीर्याने तो त्यांच्या अनेक समकालीनांनी घेतला नाही, एवढे म्हणणे भाग आहे.

४

गाणाराच विषय होण्याचा हा प्रकार मुलींच्या बाबतीतही घडला. वीस-तीसच्या दशकांत मेळ्यांतून मुली दिसू लागल्या, तेव्हा स्त्रीशिक्षण, हुंडा, बालविवाह हे विषय मुलग्यांच्या तोंडून रूढ झालेले होते. सुशिक्षित स्त्रीची टिंगल हाही तितकाच रूढ विषय होता. मुलीने रस्त्यावर ठेक्यात पावले टाकावीत की नाही, यावर मात्र वाद झाला. ज्या समाजाला स्त्रियांविषयीचे पद चालत होते, त्याला स्त्रीचे चालणे चालत नव्हते. यावर निघालेला व्यवहारी तोडगा पुढे मेळ्याच्या मुळावर आला. कार्यक्रम रस्त्यावरून मंडपातील व्यासपीठाकडे सरकू लागला. गाणी, नकला आणि छोटे नाट्यप्रवेश यांचे प्रमाण वाढले. पावलांची जागा पडद्याने घेतली. अनेक तरुण कलावंतांची उमेदवारी या मेळ्यांत झाली, हे खरे. परंतु फिरते पथक या नात्याने मेळ्याचे वैशिष्ट्य येथेच क्षीण झाले.

मेळ्यातील वैचारिक दाहकता दुसरीकडे गेली. भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी ती दलित वस्त्यांतून जिवंत ठेवली. चाळीसच्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तिला कामगारवर्गाचा आशय दिला, तर १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारख्या कवीच्या सहभागाने तिला संस्कारित रूप दिले. स्वातंत्र्यानंतर मेळे हळूहळू ओसरले. त्याची कारणे शोधताना चित्रपट आणि वाद्यवृंद यांकडे बोट दाखवले जाते. ते बरोबरच आहे. पण परकीय सत्ता गेल्यावर आता कोणाविरुद्ध गायचे हे उत्सवाच्या चालकांना ठरवता आले नाही, हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

५

आजच्या गणेशोत्सवात जुन्या मेळ्याचे दोन घटक वेगवेगळे होऊन नांदत आहेत. पावले आणि वाद्ये ढोल-ताशा पथकांकडे गेली आहेत. विषय देखाव्यांकडे गेला आहे. पथकात मुले आणि मुली बरोबरीने ढोल बांधतात. ज्यावर शंभर वर्षांपूर्वी वाद झाला असता ते आता कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि हा लाभ मोठा आहे. परंतु पथकाला शब्द नाहीत. देखाव्याला शब्द आहेत, संहिता आहे, ध्वनिमुद्रित निवेदन आहे. पण तो जागचा हलत नाही. विषय उभा राहिला आणि चाल निःशब्द झाली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

शासनाचे निकषही त्याप्रमाणे वाटले गेले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर मिरवणुकीविषयीची चर्चा मुख्यतः आवाजाच्या पातळीची आहे. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांच्या वादकसंख्येवर तीसची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. यात आरोग्याचा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. तरीही, ज्या मिरवणुकीत एकेकाळी एकेक शब्द तपासला जाई तिच्यात आज केवळ आवाज मोजावा लागतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. याउलट, २०२२ साली कल्याणमध्ये एका मंडळाचा पक्षफुटीवरील देखावा पोलिसांनी जप्त केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जेथे शब्द आहेत तेथे त्यांची छाननी अजून होते.

या सर्व आढाव्यातून ग्राह्यतेच्या निकषांचा प्रवास संकुचिततेकडून उदारतेकडे झाला, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. आधी वाट, मग शब्द, मग अभिरुची, मग गाणारा, शेवटी आवाज, असे निकषाचे स्थान बदलत गेले. प्रत्येक टप्प्यात काही विषय मोकळे झाले आणि काही बंद झाले. शेजाऱ्याच्या धर्माची अवहेलना करणारे पद आज आपल्याला चालू नये, हे योग्यच आहे. पण प्रस्थापितांना चौकात उभे करणारे पदही त्याच्याबरोबर हद्दपार झाले, आणि ही दोन्ही एकाच परंपरेची अपत्ये असल्यामुळे एकाला ठेवून दुसऱ्याला काढणे त्या काळालाही जमले नाही. विवेक करावयाचा तो पदापदाचा करावा लागतो, सबंध प्रकाराचा करता येत नाही.

म्हणून मेळ्यांच्या पुस्तिका हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने पदाचा अर्थ लावण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. याची चाल कोणती आणि ती आधी कोणत्या शब्दांसाठी वापरली जात होती? हे कोणत्या रस्त्याने गेले? कोणाच्या दारात थांबले? कोणी म्हटले आणि कोणाला म्हणू दिले नाही? ग्रंथालयांच्या कपाटांत या पुस्तिका जीर्ण होत चालल्या आहेत. त्यांचे कागद ठिसूळ आहेत आणि त्यांची सूची अपुरी आहे. त्यांतील बरीचशी पदे काव्य म्हणून टिकणार नाहीत. परंतु मराठी समाजाने आपल्या रस्त्यांवर काय ऐकून घेतले आणि काय ऐकून घेण्याचे नाकारले, याची ती कागदपत्रे आहेत, आणि त्यांची संपादित, टीपांसह आवृत्ती सिद्ध करणे हे मराठी संशोधनाचे राहून गेलेले काम आहे.